छताकडे तोंड

"उताणे झोपा," मशीनवाल्या बाई म्हणाल्या, आणि पैलवान पालथा झोपला.

त्याच्या मते त्याने सांगितलं तेच केलं होतं. अरुंद फळीवरच्या कागदी चादरीला गाल लावून, दोन्ही हात छातीखाली घेऊन, हनुवटी खांद्यात दडवून तो मुकाट पडून राहिला आणि पुढच्या हुकमाची वाट पाहू लागला. बाईंनी मागे वळून पाहिलं तर समोर एक ऐसपैस पाठ. "अहो, उताणे म्हणाले मी. छताकडे तोंड," त्या म्हणाल्या. तो ओशाळला, "हो, हो" म्हणत कुशीवर आला, तिथून पाठीवर गेला. आणि पाठ फळीला टेकते न टेकते तोच कमरेतून एक उसळी आली, डावा खांदा आपसूक उचलला गेला आणि तो परत होता तसा पालथा. यात त्याच्या मनाचा काही संबंध नव्हता. तव्याला बोट लागल्यावर ते मागे घ्यायला कुणी मनाला विचारत नाही. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. पन्नाशीच्या होत्या, दिवसभर लोकांना झोपवून झोपवून त्यांचा आवाज सपाट झाला होता, आणि माणसं घाबरण्याचे जितके प्रकार आहेत तितके सगळे आपण पाहून बसलोय असा त्यांचा आजवर समज होता. "पाठीला काही लागलंय का?" त्यांनी विचारलं. "नाही." "मग?"

तपासणी मानेची आणि डोक्याची होती, एमआरआय. मागच्या लढतीत गळा आवळला गेल्यावर तो बेशुद्ध पडला होता, आणि अशा वेळी माणूस जितक्या लवकर डोळे उघडतो तितक्या लवकर त्याने उघडले नव्हते. तेव्हापासून डाव्या हाताच्या दोन बोटांना अधूनमधून मुंग्या येत. म्हणून आयोजकांच्या डॉक्टरांनी ही अट घातली होती: आधी आतली चित्रं दाखवा, मग शनिवारी लढायला पिंजऱ्यात उतरा. आज संध्याकाळपर्यंत चित्रं गेली नाहीत तर त्याचं नाव कटणार आणि दुसरा कुणीतरी तरणाबांड उतरणार, जो केव्हाचा बाशिंग बांधून बसला होता. "हे बघ, या वयात एकदा कटलेलं नाव परत लागत नाही," कोच सकाळी म्हणाला होता. पैलवानाचं वय सदतीस. इतर धंद्यांत या वयाला माणसं कुठे जरा स्थिरस्थावर होतात; याच्या धंद्यात चाहते ‘अजून लढतो हा?’ म्हणून कौतुक करतात, आणि त्या कौतुकाने काळजात चर्र होतं.

बाईंनी दुसऱ्या खेपेला त्याला स्वतः हाताने उताणं केलं. एक हात खांद्यावर, एक कमरेवर, जसं काही कपाट सरकवायचं होतं. कानांत घालायचे मऊ बोळे त्याच्या कानांत जाईनात. वर्षानुवर्षं चटईवर घासून कानांच्या नुसत्या गाठी झाल्या होत्या, भोक असं राहिलंच नव्हतं. "देवाने दिलेले कान कुठे ठेवून आलात?" असं म्हणत त्यांनी वरून कापूस दाबला, त्यावर पट्टी बांधली, आणि चेहऱ्यावर एक प्लॅस्टिकची जाळी आणून बसवली. "याला आम्ही पिंजरा म्हणतो. घाबरू नका." "पिंजऱ्याची सवय आहे मला," पैलवान म्हणाला, आणि त्याच्या या विनोदाला बाई खरोखर हसल्या. त्याला बरं वाटलं. गेल्या कित्येक दिवसांत त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नव्हतं, कारण गेल्या कित्येक दिवसांत तो फारसं बोललाच नव्हता. मग त्यांनी त्याच्या हातात एक रबरी फुगा दिला. "सहन झालं नाही तर हा दाबा, मी लगेच बाहेर काढते. लाजायचं नाही. भलेभले दाबतात." फळी आत सरकली. नाकासमोर वीतभर अंतरावर पांढरं छत आलं. ते बघता बघता त्याच्या पाठीखाली फळी तापत चालली असं त्याला वाटलं. मग यंत्राने पहिला ठोका दिला, आणि पैलवान वळला. त्या नळीत तशी वळायला जागाच नव्हती. खांदे तिरपे अडकले, जाळी कपाळावर चढली, आतून धडपडीचे आवाज आले, आणि बाई धावत येऊन फळी ओढेपर्यंत तो बुडणाऱ्यासारखा धापा टाकत होता. रबरी फुगा मात्र हातात जसाच्या तसा. "दाबायचं तर दाबायचं ना! वळता कशाला?" बाई करवादल्या. "मशीन मोडलं असतं म्हणजे? बाहेर बसा जरा. हे पुढचे आजोबा होऊ देत. पाणी प्या. नाही जमलं तर आज राहू दे."

"राहू दे कसं? आजच पाहिजे," तो म्हणाला. पण ते त्याने दाराबाहेर आल्यावर, बंद दाराकडे बघून म्हटलं.

बाकावर तो एकटाच होता. समोर भिंतीला एक खिडकी, खिडकीत एक कुंडी, कुंडीत नुसती माती. दाबलं का नाही, या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं असतं. सगळ्या आयुष्यात त्याने कधीच दाबलं नव्हतं. पिंजऱ्यातल्या खेळात हार मानायची तर समोरच्याच्या अंगावर थाप मारायची असते; त्यात कमीपणा काही नाही, भलेभले मारतात. पैलवानाने कधी मारली नाही. तो आधी बेशुद्ध व्हायचा आणि मग हरायचा. ते शौर्य होतं असं लोक म्हणत. ते शौर्यबिर्य काही नव्हतं हे फक्त त्याला ठाऊक होतं. थाप मारायचं त्याच्या हाताला सुचायचंच नाही, कारण त्याचं सगळं अंग त्या वेळी एकाच कामात गुंतलेलं असायचं: पाठ टेकू द्यायची नाही.

हे अंगात भिनवलं ते वस्तादांनी. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला कुस्तीच्या हॉलवर नेऊन सोडलं, आणि वस्तादांनी त्याला डाव शिकवण्याआधी झोपायला शिकवलं. दुपारच्या जेवणानंतर सगळ्या पोरांनी चटईवर तासभर झोपायचं, आणि झोपायचं ते पालथं. वस्ताद अनवाणी फिरायचे. कुणी झोपेत उताणा झालेला दिसला की त्याच्या छातीवर आपला पाय अलगद ठेवायचे. लाथ नाही, मारणं नाही, नुसतं पाऊल, गार आणि जड. पोरगं डोळे उघडायचं तर वर वस्ताद, त्यांच्या डोक्यामागे छत. "चितपट," ते शांतपणे म्हणायचे, "झोपेत हरलास." बाकीची पोरं फिदीफिदी हसायची, आणि तो संध्याकाळच्या सरावाला बाहेर बसायचा. पैलवानाच्या छातीवर ते पाऊल एकदाच आलं. त्यानंतर तो कधी उताणा झोपला नाही. त्याला वाटायचं, आपण खूप मोठी गोष्ट कमावली. आणि तशी ती होतीच. कुस्तीत लोकांना त्याने अस्मान दाखवलं, पण त्याला ते दाखवणारा भेटायला फार वर्षं लागली. खाली पडला तरी तो हवेतच फिरायचा आणि पोटावर यायचा. मांजर पण एवढं इमानेइतबारे वळत नाही, असं एका पंचाने म्हटलं होतं. हे वाक्य त्याने कितीतरी दिवस मनातल्या मनात घोळवलं होतं.

मग गुडघा गेला. निवड हुकली, ऑपरेशन झालं, एक वर्ष घरात गेलं. त्या वर्षातलं फारसं काही त्याला आठवत नसे. लंगडत काढलेले दिवस कोण आठवत बसतो. त्यानंतर कोच भेटला, म्हणाला, तुझ्यासारखी पकड माझ्याकडे एकाचीही नाही, पिंजऱ्यातल्या खेळात ये, ठोसे मी शिकवतो, तू फक्त पाड. पैलवानाने पाडलं. सुरुवातीला तर धमाल उडवून दिली. समोरच्याने लाथ उचलायचा अवकाश, हा कमरेत शिरलाच. उचलला, आपटला, वर बसला, संपलं. पोस्टरवर चेहरा आला. चेहरा म्हणजे कान आले, असं बायको म्हणाली होती. आणि मग एका लढतीत एका सडपातळ पोराने, ज्याच्याकडे बघून त्याला दया आली होती, त्याचा पाय अडकवून त्याला पाठीवर पाडलं. वर दिवे होते. दिव्यांच्या मागे छत. पैलवान वळला. अंग आपलं काम चोख करून मोकळं झालं, पोटावर आलं, आणि ते पोरगं आरामात त्याच्या पाठीवर चढलं, हनुवटीखालून हात घातला, आणि दिवे विझले. शुद्धीवर आला तेव्हा कोच त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत होता, "पाठीवर पडून राहायचं होतं! या खेळात पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही रे! पाठ दाखवली की मरतो!" पैलवानाला ते कळलं. अगदी नीट कळलं. सरावात तो उताणा पडून लढायला शिकला, पाय वापरायला शिकला, नव्या पोरांना ते समजावून सांगण्याइतका शिकला. पण लढतीत, दिव्यांखाली, खरोखर पडल्यावर, छातीवर ते गार पाऊल यायचं आणि तो वळायचा. हळूहळू सगळ्यांना ते माहीत झालं. त्याला मारायची गरज नाही, नुसता पाडा, पाठ तो स्वतःहून आणून देतो, असं म्हणत पोरं त्याच्यासमोर उभी राहू लागली. जिंकलेल्या लढतींचा हिशेब लोक विसरले. हरलेल्या सगळ्या लढती मात्र एकच लढत असल्यासारख्या त्यांच्या लक्षात राहिल्या. त्याच्याही.

आतून यंत्राची ठकठक ऐकू येत होती. आजोबा शहाण्यासारखे पडले असणार. त्यांना कुणी शिकवलं असेल? कुणीच नाही, हेच तर आहे, असं त्याच्या मनात आलं. सगळं जग उताणं झोपतं. बायकोने एकदा म्हटलं होतं, "तुझा झोपलेला चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही. नुसती पाठ बघत असते मी. दार लावून घेतल्यासारखी." तेव्हा तो हसला होता. तिच्याशी त्याचं भांडण असं कधी झालं नाही. ती काही म्हणाली की तो म्हणायचा, एवढी लढत होऊ दे, मग बोलू. लढत व्हायची, मग दुसरी यायची. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हाही तो शिबिरात होता आणि फोनवर हेच म्हणाला होता. ती म्हणाली, "बरं. तू लढ." तिने ते कडवटपणे म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं. परत आला तेव्हा घर नीट आवरलेलं होतं, त्याचे कपडे घडी करून ठेवलेले होते, आणि लेकीच्या खोलीत खाटेच्या चार पायांचे चार ठसे फरशीवर राहिले होते. ते ठसे त्याने अजून पुसलेले नाहीत. पुसायला गेलं तर पुसले जातील, हे कळतं त्याला.

लेकीचा फोन रविवारी येतो. तिला तो ढमी म्हणतो. हे नाव त्यानेच पाडलं, का पाडलं ते त्याला आठवत नाही; ती तर पहिल्यापासून काडी पैलवान. आता अकरा वर्षांची आहे आणि ‘मला ढमी म्हणू नकोस, मैत्रिणी ऐकतात’ म्हणते. त्यांचं बोलणं एकाच विषयावर चालतं. शाळा कशी आहे, बरी आहे. आई कशी आहे, बरी आहे. आणि मग लढत. तिथे ढमी खुलते. तिने त्याच्या सगळ्या लढती पुन्हा पुन्हा बघितल्यात, कुठल्या क्षणी काय चुकलं ते तिला कोचपेक्षा जास्त कळतं. "बाबा, तू परत वळलास." "हो ना गं." "नको ना वळत जाऊ." "पुढच्या वेळी नाही वळणार." वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि पैलवान त्यावर जगत होता, हे म्हणायला काहीच हरकत नाही. लोकांना वाटायचं तो हट्टाला पेटलाय, किंवा त्याला दुसरं काही येत नाही. तसं काही नव्हतं. लढत नसली तर रविवारी बोलायचं काय, एवढा एकच प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि त्याचं उत्तर त्याला मुळीच सुचत नव्हतं. आणि या रविवारी ढमी म्हणाली होती, "बाबा, शनिवारची मी नाही बघणार." "का गं? परीक्षा आहे का?" "नाही. असंच." आणि मग ती म्हणाली, "मागच्या वेळी तू उठतच नव्हतास." त्यावर त्याने काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नव्हतं. ती हसली नव्हती एवढं आठवत होतं. तरी शनिवारी आपण वळलो नाही, जिंकलो, तर ती नंतर बघेल, आणि रविवारी बोलेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यासाठी शनिवार पाहिजे होता. शनिवारसाठी ही चित्रं. चित्रांसाठी फक्त वीस मिनिटं उताणं पडायचं होतं.

आजोबा बाहेर आले, ताजेतवाने, झोप काढून उठल्यासारखे. "या पैलवान," बाई दारातून म्हणाल्या. "शेवटचं हं. परत वळलात तर मी लिहून देणार, जमत नाही म्हणून." तो फळीवर बसला आणि बसूनच राहिला. "बाई, मला बांधता येईल का?" "बांधायला हे काय वेड्यांचं हॉस्पिटल आहे?" त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे नीट बघून त्यांचा आवाज जरा उतरला. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं आणि घडी घातलेल्या दुलईत गुंडाळलेली एक पिशवी काढली. "वाळूची आहे. लहान मुलांना देतो, छातीवर ठेवायला. वजन असलं की गप पडतात. तुमच्याएवढ्या बाळाला पहिल्यांदाच देतेय, कुठे बोलू नका." तो उताणा झाला. पाठ फळीला टेकली, कमरेतली उसळी निघाली, खांदा उचलायला लागला, आणि तेवढ्यात त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर, किंचित डावीकडे, ठेवली.

खांदा तिथेच थांबला.

जाळी आली, फुगा हातात आला, फळी सरकली, छत आलं. वजन पावलाएवढं नव्हतं. ते गार नव्हतं. दुलईतून ते हळूहळू ऊबदार होत गेलं आणि त्याच्या श्वासाबरोबर वर खाली होऊ लागलं, आणि पैलवानाच्या आधी अंगाला आठवलं आणि मग मनाला. गुडघ्याला पट्टा, वळता येत नाही. बायको कामावर. दुपार. पलंगावर नाही ठेवायचं, पाळण्यात नाही ठेवायचं, ठेवलं की रडून आकांत. फक्त इथे, छातीवर, किंचित डावीकडे, तिथे ती झोपायची. तळहाताएवढी पाठ, आणि वजन म्हणाल तर हे एवढं. "ढमी आहेस तू," तो तिला म्हणायचा, "दम काढतेस बापाचा." तर असं होतं ते नाव. दुपारच्या दुपार तो उताणा पडून छताकडे बघत राहायचा. नाक खाजलं तर खाजू द्यायचा. शिंक आली तर जिरवायचा. श्वास मोठा घ्यायचा नाही. संध्याकाळी बायको यायची, चपला दारातच काढून, पायांचा आवाज न करता, आणि तो ओठांनीच म्हणायचा, हळू, आत्ताच झोपली आहे. आणि ते सगळं वर्ष त्याने ‘वाया गेलेलं’ म्हणून सांगितलं होतं. मुलाखतीत सांगितलं होतं. ढमीनेही ते ऐकलं असेल. यंत्र डोक्याभोवती हातोडे मारत होतं. त्याने मनात म्हटलं, उठवतील हिला, आणि कापूस घातलेल्या कानांनी तो तिचा श्वास ऐकायचा प्रयत्न करत राहिला. पाठ संपूर्ण टेकली होती, मानेपासून टाचांपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांच्या त्या गाठींवर जाऊन साठलं. त्याने ते पुसलं नाही, कारण हात हलवला असता तर ती जागी झाली असती.

"झालं हो!" फळी बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. त्या खूश होत्या. "जराही हलला नाहीत. अशी स्वच्छ चित्रं आजोबांचीसुद्धा नाही आली. आमच्या डॉक्टरांनी बाहेर बघितली पण. नस थोडी दबलीय म्हणाले, बाकी काळजीचं काही नाही, लढू देत. आयोजकांच्या चिठ्ठीवर आजच सही करतायत. मिळाला तुमचा शनिवार." त्यांनी जाळी उचलली, कानांवरची पट्टी सोडली. "उठा आता."

पैलवान उठला नाही. दोन बोटं वर करून त्याने त्यांना थांबवलं.

"हळू," तो म्हणाला. "आत्ताच झोपली आहे."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. बाई तशाच उभ्या राहिल्या, मग वाकल्या, आणि ती वाळूची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी, एक हात खालून घालून, अगदी सावकाश उचलली. ती घेऊन त्या कपाटाकडे गेल्या. पैलवान छताकडे बघत तसाच उताणा पडून राहिला. आता त्याच्या छातीवर काहीच नव्हतं, आणि तरी तो वळला नाही.